कवडशातली धूळ नाचते, पण कुणाच्या तालावर?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास दिसतो: कवडशातले धुळीचे कण आणि खाली ‘ब्राउनियन गती’, म्हणजे रेणूंच्या धक्क्यांनी होणारी बारीक कणांची थरथर. हे साफ चूक आहे. खानापूरकडच्या कौलारू घरात काचेच्या कौलातून ऊन उतरतं तेव्हा दिसणारा नाच हवेच्या झोतांचा, रेणूंच्या धक्क्यांचा नव्हे.

हिशेब करून पाहू. पाण्याइतक्या घनतेचा, 10 मायक्रॉनचा (मिलिमीटरचा शंभरावा भाग) कण घ्या. स्थिर हवेत तो सेकंदाला साधारण 3 मिलिमीटर खाली बसतो. त्याच सेकंदात रेणूंचे धक्के त्याला जेमतेम 2 मायक्रॉन हलवतात. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नाही. उन्हानं तापलेल्या फरशीवरची हवा मात्र सेकंदाला काही सेंटिमीटर वेगानं वर चढते, म्हणून धूळ खाली बसायची सोडून वर उडते. निपाणीत तंबाखू चाळताना उडणाऱ्या धुळीतले जाड कण लगेच बसतात. पण 1 मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतसुद्धा मीटरभर उतरायला आठेक तास लागतात. छातीत खोलवर जातात ते हेच.

याच धुळीवरून फॉरवर्ड फिरतात: आपल्याकडे ‘त्रसरेणू’ (कवडशात दिसणारा धुळीचा कण) म्हणजे सहा अणू, हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं! मनुस्मृतीत त्रसरेणू आहे, पण वजनाचं सर्वांत लहान माप म्हणून. सहाचा हिशेब वैशेषिकांचा, म्हणजे अणूंचा विचार मांडणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाचा. विचार म्हणून तो देखणा आहे. पण 10 मायक्रॉनच्या वाळूच्या कणात सुमारे 40 लाख कोटी अणू असतात.

खरी ब्राउनियन गती पाण्यात बघावी. जिला ज्याचं नाव मिळालं त्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउननं 1827 मध्ये पाहिले तेही परागकण नव्हेत, तर परागांच्या आतले बारीक कण. आपल्याला दूध पुरतं. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं दूध घ्या, कारण त्यातल्या स्निग्धाच्या गोळ्या 1 मायक्रॉनच्या आसपास असतात. म्हशीचं धारोष्ण दूध इथे कामाचं नाही, त्यातल्या गोळ्या जाड असतात. ब्राउनियन गतीनं स्वतःच्या जाडीइतकं सरकायला लागणारा वेळ जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: 1 मायक्रॉनच्या गोळीला सेकंदभर पुरतो, तर 5 मायक्रॉनच्या गोळीला 125 पट वेळ लागतो. ती जागची हललेलीच वाटत नाही.

अर्धा पेला पाण्यात दुधाचा एकच थेंब ढवळा. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन आच्छादन काच ठेवा, कडांचं पाणी टिपकागदानं टिपा आणि कडा नेलपॉलिशनं बंद करा. सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठं करून पाहा. प्रकाश कमी ठेवलात तर गोळ्या उठून दिसतील. सगळ्या गोळ्या एकाच दिशेला वाहत असतील तर कडेची फट राहिली आहे आणि तिथून पाणी सुकतंय. पट्टी पुन्हा करा. दिवा जुन्या पद्धतीचा, तापणारा असेल तर तोही आत प्रवाह निर्माण करतो. शेजारशेजारच्या दोन गोळ्या एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या थरथरताना दिसल्या, की प्रयोग जमला.