कॉकिंगची उलटी छत्री

बलूनच्या जुन्या छापील चित्रांत अपघात भरपूर. 1783 मध्ये गोनेस गावात पडलेल्या बलूनला भूत समजून काटे-दांडक्यांनी झोडपणारे गावकरी, 1785 ला फ्रान्समध्ये बुलोनजवळ कोसळलेला बलूनवाला पिलात्र द रोझिए, 1819 मध्ये फटाक्यांची ठिणगी लागून पेटलेला बलूनवाली सोफी ब्लांशारचा बलून. पण मला सगळ्यात विचित्र वाटतं ते उलट्या छत्रीचं, म्हणजे पॅराशूटचं चित्र, वर धड लटकलेली आणि मग चुरगाळून खाली येणारी. तो रॉबर्ट कॉकिंग, लंडन, 24 जुलै 1837. कॅमेरा यायचा होता, त्यामुळे लोकांनी बघितलं ते असल्या चित्रांतूनच.

लोक ते बघून म्हणतात काय येडा माणूस, छत्री कोणी उलटी धरतं का. पण तसं नव्हतं हो. 1802 मध्ये गार्नेरँ या फ्रेंच माणसाने लंडनला पॅराशूटने उडी मारली, ती कॉकिंगने पाहिलेली. त्या छत्रीला वर भोकच नव्हतं, मग कोंडलेली हवा कधी या कडेने कधी त्या कडेने निसटणार आणि खालची टोपली जत्रेतल्या पाळण्यासारखी हेलकावणार, माणूस वाचला पण पार हलून गेला. पुढे उड्डाणाचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज जॉर्ज केलीने लिहिलं की शंकू टोक खाली करून सोडला तर तो स्थिर राहील, आणि कॉकिंगने (पेशाने चित्रकार बरं का) ते मनावर घेतलं.

आयडिया बरोबरच होती, नंतर अमेरिकेत जॉन वाइज या बलूनवाल्याने प्रयोग केले तेव्हा असले शंकू खरंच कमी डोलले. घोळ वजनात झाला. वरच्या बाजूला साधारण 34 फूट रुंद, कडेचं कडं पत्र्याच्या नळीचं, नुसत्या छत्रीचंच वजन 223 पौंड, म्हणजे शंभर किलोच्या वर, आणि हिशोब करताना तेच नीट धरलं नाही. त्यात कॉकिंग 61 वर्षांचा, पहिलीच उडी.

लंडनच्या व्हॉक्सहॉल गार्डनमधून बलूनवाल्या चार्ल्स ग्रीनच्या बलूनखाली टांगून तो पाचेक हजार फुटांवर गेला. सुटायची दोरी त्याच्याच हातात, पहिल्या हिसक्याला काही झालं नाही, दुसरा जोरात मारला. थोडा वेळ छत्री नीट उतरली, मग कडं दबलं, कापड मिटलं आणि ली नावाच्या गावाजवळच्या शेतात सगळं आदळलं, कॉकिंग मेला. तिकडे ओझं गेल्यावर बलून असा सुसाट वर गेला की ग्रीन आणि सोबतचा एडवर्ड स्पेन्सर बलूनच्या गॅसने गुदमरून मरायचेच, पण बरोबर श्वासासाठी हवेची पिशवी नेलेली म्हणून वाचले. कॉकिंगच्या मृत्यूची चौकशी गावातल्या खाणावळीत झाली, आणि मालकाने म्हणे प्रेत नि छत्री बघायला सहा-सहा पेन्स घेतले!

त्याच स्पेन्सरचा नातू पर्सिव्हल 1889 मध्ये आपल्या मुंबईत येऊन बलूनमधून पॅराशूटची उडी दाखवून गेला, छत्री अर्थात सुलटी.