पुरातत्त्व व वारसा शिक्षणाची साधने

पुरातत्त्व आणि सांस्कृतिक वारसा हे विषय विद्यार्थ्यांना शिकवताना वापरायची सामग्री व उपक्रम. खापरे, नाणी आणि हाडे यांचे नमुने, उत्खननांचे अहवाल व आराखडे, संग्रहालये, गावातली शिल्पे आणि शिलालेख, जुनी गॅझेटिअर, आंतरजालावरील संग्रह, सराव-उत्खनने असा या साधनांचा पसारा आहे. महाराष्ट्रात हा विषय शाळेत इतिहासाच्या पोटातच शिकवला जातो. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात उपयोजित इतिहास, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर प्रकरणे आहेत. पण वर्गात बहुधा शोधांची यादीच पाठ करून घेतली जाते. वस्तूवरून माणसापर्यंत विचार कसा न्यायचा, याचा सराव ज्या साधनातून होतो ते उपयोगाचे, बाकीची प्रदर्शनापुरती.

हा फरक समजावायला दायमाबादचे उदाहरण नेमके आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या या स्थळी १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक. पण त्या शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात सापडलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल वाद झाला आणि धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काही अभ्यासकांनी त्यांच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. वस्तूंच्या देखणेपणाबद्दल कोणाचे दुमत नाही. नडली ती संदर्भाची उणीव. विद्यार्थ्यांना आधी वस्तूंची छायाचित्रे दाखवावीत, मग त्या कशा सापडल्या ते सांगावे, आणि कोणती माहिती हाती असती तर वाद मिटला असता हे त्यांनाच विचारावे.

सर्वांत समृद्ध साधन मात्र इनामगावचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातले) गाव उकरले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही या कामातली प्रमुख नावे. माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००) अशा संस्कृतींच्या नावांनी ओळखले जाणारे वस्तीचे तीन कालखंड तिथे मिळतात. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, पाटबंधाऱ्याच्या खुणा, जळालेले धान्य, जनावरांची हाडे असा पुरावा हाती असल्याने गावाचे जगणेच वर्गात मांडता येते. एनसीईआरटीच्या सहावीच्या पूर्वीच्या इतिहास पुस्तकातही हे स्थळ होते. तिथे विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला पुरावा असा : वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, त्याला लागून धान्यकोठार, आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचे दफन. हा गावाचा प्रमुख होता का, असा प्रश्न पुस्तकाने विचारला आणि उत्तर विद्यार्थ्यांवर सोडले.

याच प्रश्नावर दोन तास सहज रंगतात. गावातल्या इतर प्रौढांची दफने पाहिली तर मृताला जमिनीत उताणे ठेवलेले आढळते आणि पुष्कळांचे पाय घोट्यापासून तोडलेले असतात; रांजणातल्या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरले जाई, तेही घराच्या जमिनीखाली. कोठारावरून सत्ता सिद्ध होते की फक्त साठवण? उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्या का आल्या? ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. शिक्षकाने हे उत्तर शेवटी सांगावे, आधी नव्हे. मुलांच्या दफनांचा विषय लहान वर्गांत जपूनच काढावा लागतो. वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे हे शिक्षकाला ठाऊक नसते.

गावाच्या शिवारातही साधने कमी नाहीत. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या जागेच्या) टेकाडावर पावसाळ्यानंतर खापरे उघडी पडतात. मारुतीच्या किंवा शंकराच्या देवळाबाहेर वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराची स्मारकशिळा), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेली शिळा) उभ्या असतात आणि पुष्कळदा शेंदूर लागून देव झालेल्या असतात. वीरगळ वाचायला लिपी यावी लागत नाही, म्हणून ती सुरुवातीला उत्तम. वाचन खालून वर : तळाच्या चौकटीत लढाई किंवा मरण, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे, त्यामुळे मुंबईतल्या शाळांना सागरी इतिहासासाठी दूर जावे लागत नाही. जिल्हा गॅझेटिअरमधली गावाची नोंद आणि आज दिसणारी शिल्पे यांची तुलना केली, तर काय हलवले गेले आणि काय हरवले हेही कळते. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली दंतकथा वेगळ्या रकान्यात लिहावी. ती पुरावा आहेच, पण वेगळ्या प्रकारचा.

किल्ल्यांच्या सहली सर्वाधिक निघतात आणि बहुधा घोषणा व छायाचित्रांवर संपतात. २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर ही गर्दी घटण्याचे कारण नाही. एक साधा उपक्रम मात्र सहलीचे रूप बदलतो. पाण्याच्या एका टाक्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची आणि ते भरले असता किती माणसांना किती दिवस पुरेल याचा हिशेब करायचा. शिबंदी (किल्ल्यावरची फौज), वेढा, उन्हाळा हे शब्द त्यानंतर समजावून सांगावे लागत नाहीत.

सराव-उत्खनन हे जगभर लोकप्रिय साधन आहे आणि सर्वांत जास्त बिघडवले जाणारेही. आवारात वाफा आखून त्यात मुरूम, राख, काळी माती असे थर भरतात, सुतळीने चौकोन पाडतात, आणि मुले थापी, ब्रश, चाळणी घेऊन बसतात. वाफ्यात नाणी आणि मूर्ती पुरल्या की त्याचा खजिना-शोध होतो. त्याऐवजी फुटकी मडकी, हाडे, कोळसा, जळके दाणे पुरावेत, आणि वरच्या थरातून खाली गेलेला एक खड्डा मुद्दाम ठेवावा, म्हणजे प्लास्टिकचे बटण खाली कसे पोचले याचा छडा लावावा लागतो. प्रत्येक वस्तूची खोली आणि चौकोन लिहिल्याखेरीज ती उचलू द्यायची नाही. खणायला जितका वेळ लागेल तितकाच नोंदींना द्यावा. माती न उकरताही हाच विचार शिकवता येतो : ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथ्जी यांनी १९७३ मध्ये आजच्या घरांच्या कचऱ्याचा पुरातत्त्वीय अभ्यास सुरू केला, त्याची छोटी आवृत्ती वर्गातल्या कचरापेटीवरही जमते.

संग्रहालयांपैकी डेक्कन कॉलेजचे संग्रहालय उत्खनित साहित्यासाठी महत्त्वाचे. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे, वज्री (पाय घासायचे साधन) पाहून मुले घरच्या जुन्या वस्तूंकडे वळतात. धाराशिव जिल्ह्यात तेर येथील लामतुरे संग्रहालय आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती यांवरून रोमशी चाललेला व्यापार नकाशावर मांडता येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय बसमधून शाळांपर्यंत नेले. आंतरजालावर केंद्र सरकारच्या संग्रहालयांचे संग्रह पाहता येतात. त्यासाठीची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने तयार केली.

कायद्याची माहिती हाही या शिक्षणाचा भाग. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पांढरीवरून खापर खिशात घालून आणणे हा सहलींचा जुना शिरस्ता. तो शिक्षकांनीच मोडायला हवा. खापर जागेवर ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून त्याचे छायाचित्र घेतले तर तेवढेच शिकता येते.

कोकणातली कातळशिल्पे (उघड्या खडकावर कोरलेली चित्रे) २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथेही अशी शिल्पे आहेत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील (कातळी पठारांवरील) चित्रे जमिनीवरून एका नजरेत मावत नाहीत, म्हणून दोऱ्यांची जाळी आखून आलेखकागदावर प्रमाणात उतरवणे हा त्यांच्यासाठी योग्य उपक्रम. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरू नये. या शिल्पांजवळ लेख नाही, थरांत गाडलेला पुरावा तुटपुंजा, आणि काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. चित्रांत गेंड्यासारखा आज कोकणात न आढळणारा प्राणीही दिसतो. त्यावरून शिल्पांच्या काळाबद्दल काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हा प्रश्न वरच्या वर्गांना आराखड्यासोबतच द्यावा.