झाबवाला, रूथ प्रॉवर

झाबवाला, रूथ प्रॉवर : (७ मे १९२७ – ३ एप्रिल २०१३). इंग्रजी कादंबरीकार, कथाकार व पटकथालेखिका. जन्म जर्मनीत, शिक्षण इंग्लंडात, संसार दिल्लीत आणि अखेर न्यूयॉर्कमध्ये. बुकर पारितोषिक आणि ऑस्कर असे दोन्ही सन्मान मिळालेल्या त्या एकमेव लेखिका. आडनाव पारशी, लेखनाचा विषय बराच काळ भारतीय; त्यामुळे ग्रंथपालांपासून समीक्षकांपर्यंत सगळ्यांना त्यांना कोणत्या फळीवर ठेवावे हा प्रश्न पडत आला. त्यांनी स्वतः तो सोडवण्याच्या भानगडीत कधी पडल्याचे दिसत नाही.

त्यांचा जन्म कोलोन शहरातील ज्यू कुटुंबात झाला. वडील मार्कस प्रॉवर हे मूळचे पोलंडकडचे वकील. नाझी राजवटीत ज्यूंवरील अत्याचार वाढत गेले आणि एप्रिल १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू व्हायला जेमतेम पाच महिने उरले असताना, हे कुटुंब इंग्लंडला निसटले. रूथ तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. नव्या देशात पाऊल टाकल्यावर त्यांनी जर्मन बाजूला ठेवून इंग्रजीतच लिहायला सुरुवात केली. मागे राहिलेल्या नातलगांपैकी चाळीसहून अधिक जण मारले गेल्याचे युद्धानंतर कळले. १९४८ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. कोलोनमधल्या बालपणावर रूथ यांनी कादंबरी लिहिली नाही. पण त्यांच्या पुस्तकांतून घर सुटलेली, परक्याच्या दारात उभी असलेली माणसे सतत भेटत राहतात, हे लक्षात घेतले की ते मौन तितकेसे रिकामे वाटत नाही.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातून एम. ए. झाल्यावर १९५१ मध्ये सायरस झाबवाला या पारशी वास्तुशिल्पज्ञाशी त्यांचा विवाह झाला आणि त्या दिल्लीला आल्या. फाळणीनंतरची ती दिल्ली होती : पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे, नवी कंत्राटे, नवे बंगले, लग्नाच्या बोलाचाली. पहिली कादंबरी ‘टू हूम शी विल’ १९५५ साली आली. ‘द हाउसहोल्डर’ (१९६०) हे या काळातले त्यांचे सर्वांत लोभस पुस्तक. प्रेम नावाचा तुटपुंज्या पगाराचा तरुण मास्तर, नुकतीच लग्न होऊन आलेली बायको आणि घरभाडे कमी करून मागायचे धैर्य गोळा करण्यातच चाललेले त्याचे दिवस. यात खलनायक कोणी नाही. विनोद आहे, पण मास्तरची टिंगल नाही. या काळात त्यांना इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या पंगतीला बसवले जाई. नावावरून अनेक वाचक त्यांना भारतीयच समजत.

पुढे सूर कडवट झाला. भारतातील स्वतःच्या जगण्यावर लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी युरोपीय माणसाच्या मनाचे चक्र मांडले आहे : आधी इथले सारेच अद्भुत, मग तितकेसे नाही आणि शेवटी सारेच असह्य, बऱ्याच जणांचे हे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते. दारिद्र्य पाहवत नाही म्हणून पडदे ओढून, वातानुकूल यंत्र लावून खोलीत बसलेली बाई त्यांनी त्यात रंगवली आहे, आणि ती बाई त्या स्वतःच. इतकी कठोर कबुली देणारे परदेशी लेखक फारसे सापडत नाहीत. मात्र कबुली दिली म्हणून दृष्टी आपोआप न्याय्य ठरत नाही, हेही खरे.

‘हीट अँड डस्ट’ (१९७५) या कादंबरीला बुकर मिळाले. त्या वर्षी अंतिम यादीत दोनच पुस्तके होती. कथा अशी : १९२३ मध्ये सातीपूरच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी ऑलिव्हिया शेजारच्या संस्थानच्या नवाबासाठी घर सोडते. पन्नास वर्षांनी तिच्या नवऱ्याची दुसऱ्या पत्नीकडून झालेली नात जुनी पत्रे घेऊन तिचा माग काढत त्याच गावी येते. दोन काळ एकमेकांत कापून बसवण्याची ही रीत चित्रपटाच्या संकलनाच्या जवळची आहे. भारतात पुस्तकावर टीकेची झोड उठली. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी तर ते साफ नाकारले. ढोंगी साधू, लंपट नवाब आणि भाबडे परदेशी ही पात्रे साचेबंद आहेत, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. पण कादंबरीतले इंग्रजही काही फार उजळ निघत नाहीत.

पटकथालेखन त्यांच्याकडे चालत आले. मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माइल मर्चंट आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांना ‘द हाउसहोल्डर’वर चित्रपट करायचा होता. पहिला फोन आला तेव्हा रूथबाईंनी आपण सासूबाई असल्याची बतावणी केली, असे सांगतात. तरी चित्रपट झाला (१९६३). शशी कपूर आणि लीला नायडू त्यात होते आणि ‘घरबार’ नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. पुढे ‘शेक्सपिअर वाला’ (१९६५) आला. त्याला संगीत सत्यजित राय यांचे. ‘बॉम्बे टॉकी’ (१९७०) मध्ये हेलन एका अजस्र टाइपरायटरच्या कळांवर नाचते. हिंदी चित्रपटसृष्टीची इतकी प्रेमळ थट्टा एरवी कडवट असलेल्या या लेखणीतून उतरली, याचे आजही नवल वाटते. हे त्रिकूट चाळीस वर्षांहून अधिक टिकले. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ या इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबऱ्यांवरील पटकथांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

१९७५ पासून त्या न्यूयॉर्कमध्ये राहिल्या. मर्चंट आणि आयव्हरी त्याच इमारतीत राहत. नंतरच्या कादंबऱ्यांत युरोपातून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित डोकावू लागले. १९८६ मध्ये त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले. दिल्लीला जाणे-येणे मात्र चालू राहिले. तीन मुलींपैकी रेनाना यांनी अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत असंघटित कष्टकरी स्त्रियांसाठी काम केले. रेनाना यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. आईने ज्या रस्त्याकडे पाहवत नाही म्हणून पडदे ओढले, त्याच रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायकांत लेक काम करीत होती.