बेसाल्टमधील कार्बन डाय-ऑक्साइड साठवण : प्रयोगशालेय अभ्यास

बेसाल्ट या लाव्हा थिजून बनलेल्या खडकात कार्बन डाय-ऑक्साइड सोडून त्याची कार्बोनेट खनिजे बनवण्याच्या प्रक्रियेचा नियंत्रित तापमान-दाबाखाली केलेला अभ्यास. वायू विरघळलेले आम्लधर्मी पाणी खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सोडवते. आम्लता उतरताच कॅल्साइट, अँकेराइट इत्यादी कार्बोनेट खनिजे साचतात.

वायू असा खडकात बांधून ठेवण्याच्या कल्पनेचे जनकत्व सामान्यतः झाइफ्रिट्झ (१९९०) यांना दिले जाते. मात्र सिलिकेटांच्या झिजेत हा वायू खर्ची पडतो, हे एबेल्मेन यांनी १८४५ च्या सुमारास मांडले होते. तेव्हा झाइफ्रिट्झ यांच्याकडे तिच्या उपयोजनाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रयोग दोन प्रकारचे असतात. ऑटोक्लेव्ह या बंद दाबपात्रात खडकाची भुकटी व पाणी वायूच्या दाबाखाली ठेवतात. गाभा-नमुन्यांच्या प्रयोगात खडकाच्या अखंड दंडगोलातून द्रव ढकलून सच्छिद्रता व पार्यतेतील (द्रव आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेतील) बदल मोजतात. भुकटीचा पृष्ठभाग अवाढव्य असल्याने तिच्यावरून काढलेला विक्रियावेग प्रत्यक्ष थरांतील वेगाहून कित्येक पटींनी जास्त भरतो. खनिजीभवनास लागणाऱ्या वर्षांचे हिशेब भुकटीवरून मांडणे त्यामुळे धोक्याचे. पोकळ्या कार्बोनेटांनी बुजतात की विक्रियेने नव्या भेगा पडतात, हा वादही गाभ्यावरच तपासता येतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दख्खनसह विविध ज्वालामुखी प्रांतांतील बेसाल्ट तपासले गेले. रासायनिक घडण बरीच सारखी असूनही खनिजीभवनाचा वेग लक्षणीय भिन्न आढळला. यावरून एका प्रांताचे आकडे दुसऱ्याला लावणे योग्य नाही.

आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे वायू पाण्यात विरघळवून सोडतात. एक टन वायूस सुमारे २५ टन पाणी लागते. शुद्ध वायू मात्र ३१.१° से. व ७.३८ मेगापास्कलच्या वर अतिक्रांतिक (द्रवासारखा दाट) होतो, म्हणून त्यासाठी साधारण ८०० मी. खोली धरतात.

दख्खनच्या बाबतीत ही खोली निर्णायक ठरते. कोयना येथील वेधनात बेसाल्टाची जाडी सुमारे ९३० मी., तर किल्लारी येथे ३३८ मी. आढळली, त्याखाली ग्रॅनाइटी पायाखडक आहे; म्हणजे किल्लारीसारख्या ठिकाणी बेसाल्ट ८०० मी. खोलीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय दख्खनच्या अनेक पोकळ्या झिओलाइट या सिलिकेट खनिजांनी आधीच भरलेल्या आहेत.