अकरा सेकंदांची क्लिप, तीस सेकंदांचं गाणं: व्हिडिओ लांबवण्यामागचा इतिहास

गणपतीच्या दिवसांत गिरगावातल्या जवळपास प्रत्येक मंडळात हा पेच पडतो. आगमनाची क्लिप अकरा सेकंदांची आणि त्यावर लावायचं गाणं तीस सेकंदांचं. मग कुणीतरी क्लिप इनशॉट या व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये टाकतं आणि स्पीड निम्म्यावर आणतं. बावीस सेकंद होतात, आठ तरीही कमी पडतात. मग शेवटची फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं शेवटचं स्थिर चित्र, गोठवायची, नाहीतर तीच क्लिप उलटी फिरवून मागे जोडायची. यातली एकही युक्ती मोबाइलने शोधलेली नाही. सगळ्या सिनेमाइतक्याच जुन्या आहेत, आणि त्यांच्या इतिहासाचा बराच भाग गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला आहे.

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया, चित्रं सहा. त्या काळच्या त्यांच्या एका रिळाची लांबी साधारण सतरा मीटर, म्हणजे पडद्यावर जेमतेम पन्नास सेकंद. त्या सहांतलं एक होतं भिंत पाडण्याचं. पुढे खेळवाल्यांनी ठिकठिकाणी हे चित्र आधी सुलटं आणि मग उलटं फिरवून दाखवलं. कोसळलेली भिंत धुरळ्यातून पुन्हा उभी राहायची, लोक थक्क व्हायचे आणि तेवढ्याच फिल्मवर खेळ दुप्पट वेळ चालायचा. आजच्या बूमरँगचा, म्हणजे पुढे-मागे फिरणाऱ्या क्लिपचा, हा मूळपुरुष.

तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे चित्राचा वेग कॅमेरामनच्या मनगटात असे. १८९९मध्ये सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं तेही असंच हँडल फिरवून. हँडल भरभर फिरवलं की सेकंदाला जास्त फ्रेम पडतात. त्या नेहमीच्या वेगाने दाखवल्या की पैलवान संथ होतो आणि डाव लांबतो. यामागचं तत्त्व एवढंच आहे. ते यंत्रात पक्कं बसवण्याची खटपट ऑगस्ट मुस्गर नावाच्या ऑस्ट्रियन पाद्रीने केली आणि १९०४मध्ये पेटंटही घेतलं, पण पैशांअभावी त्याला ते पुढे नेता आलं नाही. जर्मनीत त्याच कल्पनेवर तयार झालेल्या यंत्राचं नाव फार सुंदर होतं: काळाचं भिंग.

दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटाचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटर मूकपट फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात. सेकंदाला सोळा फ्रेमच्या वेगाने चालवला तर एक फूट म्हणजे एक सेकंद, आणि चित्रपट तासाभराचा. तोच चोवीसच्या वेगाने चालवला की एक्केचाळीस मिनिटांत संपतो. एकही दृश्य न कापता वीस मिनिटं उडतात आणि माणसं दुडूदुडू धावू लागतात. मूकपटातले लोक घाईत दिसतात ते यामुळे. ते तसे चालत नव्हते.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आला आणि मनगटाचं राज्य संपलं. आवाज फिल्मवर आला की वेग हलवता येत नाही, हलला की गाणं बेसूर होतं. बोलपटाचा वेग चोवीसवर ठरला. मग जुने मूकपट नव्या प्रोजेक्टरवर नीट चालावेत म्हणून प्रयोगशाळेत दर दुसरी फ्रेम दोनदा छापण्याची पद्धत आली. दोनाच्या तीन झाल्या की सोळाच्या चोवीस होतात. चाल मूळपदावर येते, फक्त मधूनमधून हिसका जाणवतो. मोबाइलमध्ये साधी क्लिप स्लो केल्यावर दिसणारा हिसका हाच. फ्रेम मुळात नाहीत, म्हणून ॲप आहेत त्याच पुन्हा दाखवतं.

खरा स्लो मोशन हवा तर शूटिंगच्या वेळीच जास्त फ्रेम घ्याव्या लागतात आणि फिल्मच्या जमान्यात ते महागात पडे. चारशे फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, चोवीसच्या वेगाने साडेचार मिनिटांच्या आसपास पुरतं, शहाण्णवच्या वेगाने मिनिटभरात रिकामं. त्यामुळे असा शॉट जपून घेतला जाई. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटच्या काळात व्हिडिओवाल्यांनी स्वस्त मार्ग काढला. अक्षता पडल्या की चित्र गोठवायचं, भोवती फुलांची चौकट टाकायची आणि मागे सनई. त्या चौकटींना आज हसतात, मला मात्र त्यांत कष्टच दिसतात.

२०१३च्या आयफोन ५एसमध्ये सेकंदाला १२० फ्रेम आल्या, पुढच्या वर्षी २४०. दहीहंडीचा थर कोसळतानाचे तीन सेकंद २४०वर घेऊन तीसच्या वेगाने दाखवले की चोवीस सेकंद होतात. एक पैसा जास्त लागत नाही. मागणीही पुढे वाढली. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, तेव्हा मर्यादा पंधरा सेकंदांची होती. जानेवारी २०२५मध्ये ती तीन मिनिटांवर गेली. पूर्वी कापायची धडपड असे, आता भरायची.

ज्यांच्याकडे जास्त फ्रेम नाहीत त्यांच्यासाठी ॲप मधल्या फ्रेम कल्पनेने रचतात. कुठला ठिपका कुठे सरकला हे गणिताने शोधण्याच्या दोन पायाभूत पद्धती १९८१मध्ये मांडल्या गेल्या, आणि आजचं बरंचसं काम त्याच विचारावर उभं आहे. संथ चालणाऱ्या पालखीवर ते छान जमतं. गुलाल उधळला की फसतं, कारण हजारो कणांतला कोणता कुठे गेला हे गणिताला कळत नाही. चेहरे वितळल्यासारखे दिसतात.

आवाजाची गोष्ट वेगळी. टेप हळू फिरवली की सूर खाली येतो. सूर न बदलता लांबी वाढवण्याची एक रीत १९६६मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मांडली गेली आणि तिच्यासारख्याच रीती आता मोबाइलमध्ये आहेत. गाणं त्यात बऱ्यापैकी तगतं, ताशाची थाप मात्र पसरट होते. म्हणून ढोल-ताशाची क्लिप लांबवताना मूळ आवाज वेगळा काढून ठेवावा आणि फक्त चित्र संथ करावं.

आणि शूटिंग २४०वर करणार असाल तर मंडपातल्या दिव्यांकडे बघा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते दिसत नाही, स्लो मोशनमध्ये अख्खी मूर्ती लुकलुकते. आगमन दुपारचं असेल तर प्रश्नच नाही.