अग्निचित्रण, कागदावरील

ज्योत, धूर, निखारा किंवा तापलेले साधन यांनी कागदावर थेट आकृती उमटविण्याची कलापद्धती. तीत दोन मूलतः भिन्न प्रक्रिया मोडतात. धूम्रचित्रणात कागदावर काजळी बसते, म्हणजे द्रव्याची भर पडते; दाहचित्रणात कागदच करपतो, म्हणजे द्रव्य घटते. या दोहोंची सरमिसळ वारंवार होते आणि उगमाविषयीचा घोळही बराचसा तीतूनच निर्माण झालेला दिसतो.

धूम्रचित्रणाचे जनकत्व व्हिएन्नात जन्मलेला अतिवास्तववादी चित्रकार वोल्फगांग पालेन (१९०५–५९) याच्याकडे देण्याचा प्रघात आहे. १९३६ च्या सुमारास तो चित्रपृष्ठाखालून मेणबत्ती फिरवी आणि काजळीच्या डागांत जे आकार सुचतील ते पुढे रंगांनी वाढवी. तथापि काजळी धरलेला कागद त्याच्या कितीतरी आधीपासून प्रयोगशाळांत रुळलेला होता. कार्ल लुटविखच्या कायमोग्राफ या शरीरातील हालचाली रेषेने नोंदविणाऱ्या यंत्रापासून (१८४७) निघालेल्या शरीरक्रियाविज्ञानाच्या नोंदयंत्रांत असा कागद फिरत्या नळकांड्यावर गुंडाळीत. सुईने काजळी खरवडली जाऊन पांढरी रेषा उमटे आणि ती लाखेच्या रोगणाने पक्की करीत. एद्वार-लेओं स्कॉत द मार्तँव्हील याच्या ध्वनिनोंदयंत्रातही (१८५७) हाच उपाय होता. धरणे, खरवडणे आणि पक्के करणे या तिन्ही पायऱ्या येथे पूर्ण झालेल्या आहेत. तेव्हा पालेनला तंत्राचा शोधक म्हणण्यापेक्षा ज्योतीच्या यदृच्छेला चित्रात हेतुपुरस्सर स्थान देणारा म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

काजळी हे अपूर्ण ज्वलनाचे फळ. ज्योतीचा पिवळा भाग तिच्यातील तप्त कार्बनकणांमुळे उजळतो. त्यात थंड पृष्ठ आले की कण जळून जाण्यापूर्वीच त्यावर बसतात. बुडाच्या निळ्या भागाने काजळी धरत नाही. कागद पालथा व आडवा धरून ज्योत सतत हलती ठेवावी लागते. ती रेंगाळली की कागद करपतो. उजेडाच्या जागा नंतर पीस, कोरडा कुंचला किंवा सुईने काढतात.

दाहचित्रणात उष्णतेने सेल्युलोजचे विघटन होते. साधारणतः २०० अंश से. च्या पुढे कागद तपकिरी होऊ लागतो आणि ३०० अंशांच्या वर विघटन झपाट्याने होऊन कोळसा उरतो. कागद पेटण्याचे तापमान २३० अंशांच्या आसपास सांगतात, परंतु जाडी, ओलावा आणि तापण्याचा अवधी यांनुसार ते बदलते. छटांचा सारा खेळ या अरुंद पट्ट्यात चालत असल्याने सुती लगद्याचा जाड कागद पसंत केला जातो आणि जेथे डाग नको तो भाग ओला ठेवतात. सोऱ्याच्या (पोटॅशियम नायट्रेट) द्रावणाने रेघ काढून वाळवली आणि एका टोकाला निखारा लावला, तर सोऱ्यातील ऑक्सिजनमुळे आग ज्वालेविना त्या रेघेवरूनच धुमसत जाते व कागद तेवढाच कापला जातो. ही युक्ती जादूच्या खेळांतही दिसते.

तापल्या सळईने लाकूड व चामडे डागण्याची परंपरा जुनी आहे. कागदावरील दाहाला स्वतंत्र प्रतिष्ठा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मिळाली. इटलीत आल्बेर्तो बुर्रीने १९५० च्या दशकात जळका कागद चित्रात आणला. जर्मनीत ओटो पीने याने त्या दशकाच्या अखेरीस धूम्रचित्रे केली. इव्ह क्लाइनने १९६१ मध्ये फ्रान्सच्या गॅस कंपनीच्या चाचणीकेंद्रात मोठ्या बर्नरने जाड पुठ्ठ्यावर अग्निचित्रे काढली. त्यांतील काहींत पाण्याने भिजलेल्या देहांचे ठसे आधी घेतलेले असल्याने ओल्या जागी आगीचा परिणाम वेगळा दिसतो. पाण्याचा फवारा घेऊन अग्निशामक जवान शेजारी उभा असे. चिनी कलावंत त्साय ग्वो-छ्यांग (जन्म १९५७) कागदावर बंदुकीची दारू पसरून, वरून दडपून पेटवतो. दारूतही सोरा असतोच. जपानी कलावंत एत्सुको इचिकावा वितळलेली काच कागदावर फिरवून रेषा काढते.

जतनाच्या दृष्टीने दोन्ही प्रकार नाजूक आहेत. काजळी केवळ पृष्ठावर टेकलेली असल्याने स्पर्शाने निघते. तिच्यावर स्थिरक (काजळी पक्की करणारे द्रावण) फवाऱ्याने देतात, कुंचल्याने नव्हे. करपलेला भाग ठिसूळ होतो. चौकटीत चित्र व काच यांत अंतर राखतात. साधे ॲक्रिलिक तावदान स्थिर विद्युतभारामुळे सुटे कण ओढून घेते, म्हणून टाळतात.