जगलेलं कादंबरीत उतरतं तेव्हा

सुरुवातीच्या इंग्रजी कादंबरीला खरेपणाचा आव आणावा लागे. 1719 मध्ये 'रॉबिन्सन क्रूसो' निघाली, तेव्हा ही हकीकत क्रूसोने स्वतः लिहिली आहे असं पुस्तकावर छापलं होतं. खरा लेखक डॅनियल डिफो, त्याचं नाव नव्हतंच. कल्पित गोष्ट अनुभव म्हणून वाचकापुढे येत होती. आपलं जगणं उघडपणे कल्पितात घालण्याची वाट पुढे रुळली.

जर्मन लेखक गटेच्या 'वेर्थर' या कादंबरीने (1774) तिला मोठा वाचक मिळवून दिला. शार्लोट बुफवर जडलेलं स्वतःचं प्रेम आणि ओळखीतल्या एका तरुणाने 1772 मध्ये केलेली आत्महत्या, हे दोन्ही त्याने एकाच नायकाच्या वाट्याला दिलं. शार्लोटचा नवरा केस्टनर दुखावला. लोक आपल्याला पुस्तकात ओळखणार आणि पुस्तकातला नवरा तर अगदीच फिका, हे त्याला लागलं. जगणं लेखकाचं असलं तरी त्यात इतरांचाही वाटा असतो, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं उदाहरण. वडील कर्जात बुडालेले, म्हणून 1824 मध्ये 12 वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात लागला. बरणीवर आधी तेलकट कागद, मग निळा कागद, वरून दोरा, कडा कातरून सारख्या करायच्या आणि लेबल चिकटवायचं. दिवसभर हेच काम. पुढे त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं, पण ते अर्धवट राहिलं. त्यातला मजकूर बराचसा जसाच्या तसा 'डेव्हिड कॉपरफिल्ड' या कादंबरीत (1849-50) गेला. हा मजकूर मुळात आत्मचरित्राचा, हे वाचकांना कळलं ते डिकन्स गेल्यावर, मित्र फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून.

डिकन्सने काय बदललं ते मात्र बारकाईने बघावं. पॉलिशच्या बरण्यांच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या. तुरुंगात गेलेला कर्जबाजारी बाप मुलापासून तोडून मिकॉबर नावाचा घरमालक केला. मग त्याच्यावर मनापासून हसता आलं, जीवही लावता आला. कारखान्यातून सुटका झाल्यावरही पोराने कामावर परत जावं असं आईचं म्हणणं होतं, आणि ते डिकन्सला जन्मभर सललं. डेव्हिडची आई तो कामाला लागण्याआधीच वारते. माझ्या मते त्या भागाची ताकद या अदलाबदलीत आहे, उचललेल्या मजकुरात नाही.

विसाव्या शतकात झाकपाक कमी झाली. जपानमध्ये तायामा काताईच्या 'फुतोन'पासून (1907) लेखकाने स्वतःची नामुष्की उघड करणारी 'मी-कादंबरी' रुजली. फ्रान्समध्ये लेखक सेर्ज दुब्रोव्स्कीने 1977 मध्ये आत्मचरित्र आणि कादंबरी यांच्या मिश्रणाला 'ऑटोफिक्शन' हे नाव चालू केलं.

2022 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांना हे लेबल मान्य नाही. त्यांचा प्रवास डिकन्सच्या नेमका उलट झाला. वडील गेल्यावर त्यांनी वडिलांना नायक करून कादंबरी लिहायला घेतली, मध्येच तिची शिसारी आली आणि ती सोडून दिली. मग कुठलाही साज न चढवता, वडिलांचे शब्द आणि सवयी तेवढ्या नोंदवत 'ला प्लास' (1983) लिहिलं.